अक्काची किडनी आणि रोजची एक गोळी

नांदूरघाटच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान. वडिलांच्या काळात पितळ आणि तांबं खपायचं. दुकान माझ्या हाती आलं तेव्हा स्टीलचे दिवस आले होते. बाया जुन्या घागरी मोडीत देऊन चकचकीत पिंप डोक्यावर घेऊन जायच्या. धंदा चांगला चालला होता, मुलगी नुकती रांगायला लागली होती, आणि अशात माझ्या पायांवर सूज यायला लागली. सकाळी उठलो की डोळे उघडेनात इतका चेहरा फुगलेला. केजच्या डॉक्टरांनी बीडला पाठवलं, बीडच्यांनी पुण्याला. पुण्यात सोनोग्राफी झाली आणि कळलं की माझ्या दोन्ही किडन्या आकसून गेल्यात. वय तीसही नव्हतं.

मग डायलिसिस सुरू झालं. दुकान धाकट्या भावावर आणि मुलीला आईवर सोपवून मी आणि बायको पुण्यात एका खोलीत राहायला गेलो. आठवड्यातून दोनदा मशीनवर पडायचं, अधूनमधून रक्ताची बाटली लावून घ्यायची, पाणी मोजून प्यायचं. डॉक्टर म्हणाले, किडनी बदलणं हाच मार्ग आहे, घरातलं कुणी देणारं असेल तर बघा. आई पुढे झाली, पण तिला साखर होती. भावाचा रक्तगट जुळला नाही. बायको तेव्हा पुन्हा पोटुशी होती.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, गेवराईकडे तलवाड्याला दिलेली. कापूस, तूर, दोन म्हशी, सासू-सासरे, तीन लेकरं असा तिचा पसारा. तिला कुणी विचारलंच नव्हतं. दिलेल्या लेकीकडे असं काही मागायचं नसतं, असं आमच्या आईचं मत. अक्काला कुणाकडून तरी कळलं आणि एके दिवशी ती एकटीच एसटीनं पुण्याला आली. हातात पिशवी, पिशवीत बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दारातच तिनं मला खालून वर पाहिलं.

"मला कावून कळवलं न्हाई?"

"अक्का, तुझं घर मोठं आहे. तुझ्या सासूबाई..."

"सासूला किडनी मागायलेत का डॉक्टर? मला मागायलेत. कुठं हाय तो डॉक्टर, चल."

दाजींना विचारलंस का, म्हटलं, तर म्हणाली, "इचारलं की." दाजी म्हणजे तिचे यजमान. अतिशय कमी बोलणारा माणूस. पुढे ते सही करायला आले तेव्हा मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, "माझे कशाला पाय धरता? ती मला इचारायला आलती खरं, पर ठरवूनच आलती." त्यांच्या तोंडून एका वेळी एवढं लांब वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं.

तपासण्या जुळल्या. ऑपरेशनच्या सकाळी एक छोटा पेच झाला. आम्ही लिंगायत. अक्काच्या गळ्यात लहानपणापासून चांदीच्या डबीत इष्टलिंग, ते अंगावेगळं करायचं नाही. नर्स म्हणाली, गळ्यात, हातात काहीही ठेवता येणार नाही. अक्का म्हणाली, बांगड्या घ्या, जोडवी घ्या, मंगळसूत्र घ्या, हे मात्र न्हाई. नर्स बिचारी नियमाला बांधलेली. शेवटी भूल देणारे डॉक्टर आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गळ्यातच पाहिजे का? अंगावर कुठेही चालेल?" अक्का म्हणाली, चालंल. त्यांनी चांदीची डबी माझ्या बायकोकडे दिली आणि लिंग स्वच्छ कापसात गुंडाळून अक्काच्या मनगटाला चिकटपट्टीनं बांधलं. शेजारच्या स्ट्रेचरवरून मी बघत होतो. अक्कानं माझ्याकडे पाहून मान हलवली, बाजाराला निघाल्यावर हलवायची तशी, आणि तिला आत नेलं.

तिची किडनी माझ्या पोटात बसवली आणि टेबलावरच लघवी आली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. अक्काला चालता यायला लागल्यावर ती माझ्या खोलीच्या काचेपर्यंत आली. मला संसर्ग होऊ नये म्हणून आत कुणाला सोडत नव्हते. तिनं काचेतून माझ्या कॉटखालची लघवीची पिशवी बघितली, भरलेली, आणि तोंडाला पदर लावून हसली. नंतर नर्सला म्हणाली, "म्हैस आटली नव्हती, दुसऱ्या गोठ्यात बांधली इतकंच."

त्यानंतरची चार-पाच वर्षं मी निरोगी माणसासारखा जगलो. शरीरानं परकी किडनी झटकून टाकू नये म्हणून रोज गोळ्या घ्यायच्या, दर काही महिन्यांनी पुण्याला दाखवायचं, इतकंच. पुण्यात असताना बायकोच्या पोटात होता तो मुलगा चालायला-बोलायला लागला. दुकानात मी नॉनस्टिकचे तवे ठेवायला लागलो. पेठेत एसटीडी बूथ निघाले, घरोघरी रंगीत टीव्ही आले. अक्का तलवाड्यात पूर्वीसारखी शेतात जायची. दर पंचमीला आली की माझ्या पोटावर उजव्या बाजूला हात ठेवायची आणि विचारायची, "कशी हाय?" मी म्हणायचो, मजेत. मग ती आईकडे वळायची.

पुढे मला थकवा यायला लागला. जेवण नकोसं वाटायचं. पुण्याला तपासलं तर किडनी ठणठणीत, पण लिव्हरच्या चाचण्या बिघडलेल्या. अजून रक्त घेतलं. पुढच्या वेळी डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे. कावीळ ब म्हणतात ती. बहुधा त्याचा विषाणू डायलिसिसच्या काळात, एखाद्या रक्ताच्या बाटलीतून वगैरे शिरला असावा. तो नेमका कुठून आला हे आता सांगता येणार नाही."

मी म्हटलं, मग औषध द्या.

ते म्हणाले, "अडचण अशी आहे की किडनी टिकवायला आपण तुमची प्रतिकारशक्ती दाबून ठेवली आहे. त्यामुळे विषाणूला रान मोकळं मिळालंय. त्याच्यावर एक इंजेक्शन आहे, पण ते प्रतिकारशक्ती चेतवतं. ती चेतली की विषाणूवर जाईल आणि बहिणीच्या किडनीवरही. किडनी जाऊ शकते. मी स्वतः ते सुचवणार नाही. पण तुम्हाला माहीत असायला हवं."

पुण्याहून मी नांदूरघाटला आलोच नाही. थेट गेवराईची गाडी धरली. तलवाड्याला पोहोचलो तेव्हा अक्का कापूस वेचत होती. बांधावर बसून मी तिला सगळं सांगितलं. सांगताना मला लाज वाटत होती, तिनं दिलेली वस्तू मला सांभाळता आली नाही अशी. ती ओटीत कापूस घेऊन तशीच उभी राहून ऐकत होती.

"म्हंजी इंजेक्शन घेतलं तर लिव्हर वाचंल, किडनी जाईल?"

"जाईलच असं नाही. जाऊ शकते."

"आन् न्हाई घेतलं तर?"

"लिव्हर हळूहळू खराब होईल म्हणतात."

तिनं ओटीतला कापूस गोणीत रिकामा केला आणि माझ्याजवळ येऊन बसली. "हे बघ. तुझ्या आंगात गेली तवाच ती तुझी झाली. माझ्यासाठी तिला सांभाळू नको. जिवाला जे बरं, ते कर. उद्या गेली तर गेली, मी इचारणार न्हाई."

मला रडू आलं. ती म्हणाली, "रडू नको, बाया बघायल्यात."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नाही. लिव्हरला जड पडणारी एक गोळी त्यांनी बदलली, वरचेवर रक्त तपासत राहिले, आणि म्हणाले, नवीन औषध येऊ घातलंय, थोडी कळ काढू. ती कळ काढणं फार अवघड गेलं. दर खेपेला आकडे थोडे चढलेले असायचे. मग एके दिवशी त्यांनी हसतच बोलावलं. औषध आलं होतं. लॅमिव्ह्यूडिन. रोज एक गोळी. प्रतिकारशक्तीला हात न लावता थेट विषाणूची वाढ रोखणारी, किडनीला न दुखावणारी. मी विचारलं, किती दिवस घ्यायची?

"दिवस नाही, वर्षं. तुमच्या बाबतीत बहुतेक जन्मभर. ही विषाणूला मारत नाही, दाबून ठेवते. हात काढला की तो उसळतो."

हे अक्काला सांगितलं तर तिला ते माझ्यापेक्षा लवकर पटलं. "हरळीसारखं हाय म्हण की," ती म्हणाली. "हरळी कधी मरती का? खुरपत ऱ्हायचं."

दोन-तीन महिन्यांत मला भूक लागायला लागली. लिव्हरच्या चाचण्या खाली आल्या. डॉक्टरांनी बायकोला, मुलांना लस टोचून घ्यायला लावली. वस्तरा वेगळा ठेवा म्हणाले, म्हणून मी आमच्या न्हाव्याला खरं ते सांगून टाकलं. न्हावी चांगला होता, त्यानं माझ्यासाठी वेगळी पेटी केली. पण बातमी त्याच्या दुकानातून पेठेत गेली आणि पेठेतून खेड्यापाड्यांत. 'भांडीवाल्याला रक्ताची कावीळ हाय, त्याच्या हातची भांडी घेऊ नका.' डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं की हा आजार रक्तातून जातो, भांड्यातून, ताटातून नाही. पण ते मी दुकानात उभं राहून कुणाकुणाला सांगणार? नेहमीचे लोक बाहेरून रामराम करून पुढच्या दुकानात जाऊ लागले. लग्नसराई तोंडावर होती आणि दुकानात शुकशुकाट. भाऊ मला म्हणाला, "तू काही दिवस गल्ल्यावर बसू नको." तो वाईट नव्हता, घाबरला होता.

अक्काला हे आईकडून कळलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी, पेठ अगदी भरलेली असताना, एक जीप आमच्या दुकानासमोर उभी राहिली. त्यातून अक्का उतरली, तिची जाऊ उतरली, दाजी उतरले, आणि तलवाड्याच्या चार-पाच बाया. अक्काच्या मोठ्या लेकीचं लग्न ठरलं होतं. तिनं दुकानाच्या पायरीवर उभं राहून, पलीकडच्या गुळाच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "लेकीचा सगळा रुखवत इथूनच न्यायचा हाय. काढ."

भाऊ भांडी काढायला लागला तशी ती म्हणाली, "तू न्हाई. ह्यानं काढायची."

मी फडताळातून एकेक भांडं काढत गेलो. ताटं, वाट्या, तांबे, परात, कळशा. अक्का प्रत्येक भांडं हातात घ्यायची, बोटानं वाजवून बघायची, जावेला द्यायची. जाऊ पुढच्या बाईला. मध्येच तिनं मला पाणी मागितलं. मी आमच्या माठातलं पाणी नव्याकोऱ्या तांब्यात आणलं. "तू आधी पी," ती म्हणाली. मी प्यायलो. तोच तांब्या तिनं घेतला आणि तोंड लावून प्यायली. तिची जाऊही त्यातूनच प्यायली. दाजी एका बाजूला उभे होते, त्यांनी न बोलता हात पुढे केला. बाहेर गर्दी जमली होती. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, तुम्हाला भ्या न्हाई वाटत?"

"आमच्या पोटातली वस्तू ह्याच्या पोटात हाय बाबा," अक्का म्हणाली, "आता तांब्याचं काय भ्या?"

लोक लगेच परत आले असं नाही. पण त्या दिवसापासून माझं गल्ल्यावर बसणं कुणी थांबवलं नाही, आणि ती लग्नसराई संपेपर्यंत दुकान पुन्हा चालू लागलं होतं.

कडा गावचा माझा एक मित्र होता. तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला. आमची दोघांची ऑपरेशनं आगेमागेच झालेली, त्याला त्याच्या वडिलांनी किडनी दिलेली. त्याच्या रक्तातही हाच विषाणू निघाला आणि त्यालाही हीच गोळी. पुण्याला आमची गाठ पडायची, बाहेर पडून आम्ही बिनमिठाचं काही मिळतं का ते शोधत फिरायचो. दिलदार, चेष्टेखोर गडी. त्याच्या एका तपासणीत रक्तात विषाणू सापडलाच नाही. तो आनंदानं म्हणाला, "संपला बे आपला पाहुणा!" मी म्हटलं, डॉक्टर तर म्हणाले चालूच ठेवायची. "ठेवू की," तो म्हणाला.

त्यानंतर तो दोन वेळा पुण्याला दिसला नाही. मग त्याच्या बायकोचा शेजारच्या बूथवर फोन आला. डोळे पिवळे पडलेत, जेवत नाही, पोट फुगलंय, गावठी औषध चालू आहे, पुण्याला यायला तयार नाही. तेव्हा अक्का नांदूरघाटलाच आली होती. ती म्हणाली, "चल, मी बी येती."

बीडवरून गाडी बदलून आम्ही कड्याला पोहोचलो. मित्र ओसरीवर बाजेवर पडला होता, हळदीनं माखल्यासारखा पिवळा. मला बघून त्यानं मान फिरवली. हळूहळू कळलं ते असं: रक्त साफ झालं म्हटल्यावर त्यानं ती एकच गोळी सोडली होती. बाकीच्या घेत होता. इतक्या गोळ्यांमधून एक तरी कमी झाली, याचंच त्याला सुख. आणि आता डॉक्टरांना काय तोंड दाखवायचं, म्हणून पुण्याला जायचं टाळत होता.

मी त्याला समजावत बसलो. अक्का मात्र अंगणात त्याच्या वडिलांकडे गेली. म्हातारा लिंबाच्या सावलीत पटका मांडीवर घेऊन बसला होता.

"काका, तुमी दिली ना पोराला?"

"व्हय."

"मीबी दिली. ह्याला." तिनं माझ्याकडे बोट केलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी त्या दोघांना बघत होतो आणि मला जाणवलं, ओसरीवरचे आम्ही दोघं घेणारे आणि झाडाखालचे ते दोघं देणारे, आणि आम्हाला एकमेकांची भाषा जशी कळायची, तशीच त्यांनाही कळत होती.

"त्यानं गोळी सोडली, तुमाला ठावं होतं?"

"न्हाई. मी इचारत नसतो बाई. दिलेल्या वस्तूबद्दल बोलून दाखवल्यासारखं होतं."

"मीबी न्हाई इचारत. पर काका, आज इचारा. आज न्हाई इचारलं तर पोरगंबी जाईल आन् तुमची वस्तूबी."

म्हातारा उठला. ओसरीवर आला. लेकाच्या बाजेजवळ उभा राहून इतकंच म्हणाला, "ऊठ. पुण्याला जायचंय." मित्र बापाकडे बघत राहिला आणि मग पाय खाली सोडून बसला. कारखान्यातल्या लोकांनी जीप मिळवून दिली आणि त्याच दुपारी आम्ही निघालो. अक्का वाटेत पूर्णवेळ त्याच्या बायकोचा हात धरून बसली होती.

डॉक्टर त्याला रागावले नाहीत. गोळी पुन्हा सुरू केली, पण हात काढल्यावर उसळलेला तो विषाणू लवकर आवरेना. बरेच आठवडे तो दवाखान्यात होता, त्यातले काही दिवस बेशुद्ध. आम्ही आशा सोडली होती. मग हळूहळू पिवळेपणा उतरला. तो घरी आला तेव्हा पूर्वीच्या अर्धा राहिला होता, पण आला. लिव्हर त्याचं पुढेही नाजूकच राहिलं. गोळी त्यानं पुन्हा कधी सोडली नाही. त्याच्या बापानं ती रोज सकाळी स्वतःच्या हातानं द्यायला सुरुवात केली, आणि स्वतः जिवंत होता तोवर दिली.

मी मात्र एकही दिवस न चुकवता गोळी घेत होतो, आणि तरी काही वर्षांनी माझे आकडे पुन्हा चढले. डॉक्टरांनी समजावलं की माझी काही चूक नाही. विषाणूनंच रूप बदललं होतं, त्या गोळीला तो आता जुमानत नव्हता. बऱ्याच वर्षांच्या वापरानंतर पुष्कळांच्या बाबतीत असं होतं. सुदैवानं तोवर दुसरी गोळी निघाली होती. ती जोडीला द्यायची. पण ही दुसरी किडनीला थोडी जड, म्हणून डोस बेतानं आणि किडनीवर सारखी नजर.

हे ऐकून अक्का पहिल्यांदाच चिडली. माझ्यावर नाही, विषाणूवर. "येवढं नेमानं घेऊन बी? कावून?" मग काही वेळानं म्हणाली, "पुढच्या खेपंला मी येती संगं. मला डॉक्टरला इचारायचंय."

ती आली. डॉक्टरांना तिनं विचारलं, "माझी दुसरी ऱ्हायलेली हाय ती बी लागली तर चालंल का?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की असं करता येत नाही, आणि गरजही पडणार नाही. मग तिचा रक्तदाब पाहिला, तिचंही रक्त तपासायला पाठवलं. मला बाहेर सोडायला आले तेव्हा म्हणाले, "माझ्या इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नाही."

दुसरी गोळी लागू पडली. पुढे तिच्या जागी आणखी चांगली आली, किडनीला हलकी, आणि तिच्यावर मी आजही आहे. विषाणू माझ्या अंगातून गेलेला नाही, जाणारही नाही. किडनी चालू आहे. मुलीचं लग्न झालं, मुलगा दुकान बघतो.

अक्का आता थकली. गुडघे दुखतात, कापसाला जात नाही, पण एका किडनीवर तिचं सगळं नीट चाललंय. मध्यंतरी गेवराईकडची एक बाई तिच्याकडे आली होती, नवऱ्याला किडनी द्यावी का, भीती वाटते, असं विचारायला. अक्कानं तिला दोन दिवस ठेवून घेतलं. काय सांगितलं, म्हणून मी फोनवर विचारलं.

"काय सांगू? म्हटलं, भ्या वाटणारच. मला लई वाटलं होतं. रातभर जागी होते त्या दवाखान्यात."

मी चकित झालो. इतक्या वर्षांत हे ती मला कधी बोलली नव्हती. "अक्का, तुला भीती वाटली होती?"

"मग? माणूस हाय मी," ती म्हणाली, आणि म्हशीला रेडकू झालंय, खरवस न्यायला कधी येतोस, ते विचारायला लागली.